इंग्रजी कच्चं पडलं

पन्नाशी जवळ आलेल्या माणसाला मधुमेह व्हावा, त्याच्या चष्म्याचा नंबर वाढावा, जिना चढताना त्याच्या गुडघ्यांनी आवाज करावा, हे सगळं रीतीला धरून आहे. त्याने इंग्रजीचा शिक्षक व्हावं हे अजिबात रीतीला धरून नाही. पण आमच्या संस्थेच्या सचिवांना रीतीभातीचं वावडं आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि जूनपासून आपली शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमाची होणार असल्याची आनंदाची बातमी दिली. चहाबरोबर बिस्किटं होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"ज्यांना इंग्रजीतून शिकवता येईल ते आपल्या परिवारात राहतील," सचिव म्हणाले. बाकीच्यांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण तोंडात बिस्किट होतं. एप्रिलमध्ये प्रत्येकाने एक डेमो लेसन द्यायचा, पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम येणार, त्या ज्याला पास करतील तो राहील, असा एकूण मामला होता. शाळा विनाअनुदानित असल्यामुळे दाद मागायची ती सचिवांकडेच, आणि ते तर समोर बसून दुसरा चहा मागवत होते.

मी अल्लाउद्दीन शिकलगार, मराठीचा शिक्षक. शिवाजी पेठेतल्या निम्म्या पोरांनी 'माझा आवडता ऋतू' हा निबंध माझ्या हाताखाली लिहिला आहे. मला मराठी सोडून दुसरं काहीही येत नाही, हे वाक्य मी इतकी वर्षं छाती पुढे काढून म्हणत आलो होतो. त्या शनिवारी घरी जाऊन तेच वाक्य बायकोसमोर म्हणताना माझा आवाज बसला.

"मग शिका की," सबिना म्हणाली. "आमच्या आईनं साठीला मोबाइल शिकला."

तिचा भाऊ नईम कबनूरला असतो, त्याचे यंत्रमाग आहेत. त्याला बातमी कळली तसा त्याचा फोन आला. "दुलाभाई, सोडा वो ते इंग्रजी. हिकडं या. कामगारांची हजेरी घ्यायला मला मानूस पायजेच हाय. तुमास्नी सवय बी हाय हजेरी घ्यायची." नईमचा माझ्यावर जीव आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर कविता शिकवली, त्याच्या हातून कविता काढून घेतली तर खाली हजेरीच उरते, हे त्या बिचाऱ्याने सहज सांगून टाकलं होतं.

तेव्हा शिकायचं ठरवलं. शिक्षकांना इंग्रजी शिकवणारं एक केंद्र गावात आहे असं कळलं म्हणून तिथे गेलो. खिडकीतल्या कारकुनाने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"पावणं, हे इंग्रजीच्या शिक्षकांसाठी हाय."

"मला तेच व्हायचंय."

"मग हून या की."

मी समजूत घातली, तेव्हा तो म्हणाला, तुम्ही इंग्रजी शिकवता असं मुख्याध्यापकांचं पत्र आणा. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही केंद्राचं प्रमाणपत्र आणा, म्हणजे तुम्ही इंग्रजी शिकवता असं पत्र देतो. पुढचा आठवडाभर मी या दोघांमध्ये ये-जा केली. दोघेही सज्जन होते. शेवटी शेवटी तर दोघांकडेही मला न विचारता चहा मिळू लागला, कागद मात्र कोणाकडेच मिळाला नाही.

मग मोबाइलच्या दुकानावर चालणाऱ्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा जिना चढलो. वर गेल्यावर कळलं की क्लास राजवीरचा आहे. राजवीर माझा विद्यार्थी. दहावीच्या सराव परीक्षेत मी त्याला मराठीत नापास केलं होतं आणि वर 'तुझं कसं होणार' असा शेराही मारला होता. तो आता टाय लावून फळ्यासमोर उभा होता. मला पाहताच धावत आला, वाकून नमस्कार केला आणि मला शेवटच्या बाकावर परदेशी निघालेल्या दोन नर्स मुलींच्या शेजारी बसवलं. "सर, माउथ ओपन करा. माउथ ओपन केल्याशिवाय इंग्लिश येत नाही," तो म्हणायचा, आणि मी तोंड उघडायचो. तो मला सर म्हणायचा, मी त्याला सर म्हणायचो, आणि त्या नर्स मुलींना आमच्यातलं शिकवतंय कोण हेच कळायचं नाही. त्याने जुना राग काढला असता तर मला सोपं गेलं असतं, पण तो मनापासून शिकवत होता.

घरी फक्त इंग्रजीत बोलायचं, असा त्याचा नियम होता. मी पाळला. सबिनाने आधी उत्तरं दिली, मग नुसत्या माना हलवल्या, मग तेही बंद केलं. एके दिवशी चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "एक सांगू? तुमी इंग्रजीत बोलताय तवा लई गरीब वाटताय. मराठीत भांडताय तवा कसा आवाज असतोय तुमचा! इंग्रजीत नुसतं पावनं आल्यागत बोलताय." यावर मला चांगलं सणसणीत उत्तर द्यायचं होतं, पण ते इंग्रजीत द्यायचं असल्यामुळे मी चहा प्यायलो.

शेजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. आमच्या समोरच आक्का राहतात. बाळासोच्या आई. बाळासो म्हणजे आमच्या गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष, एके काळचा पैलवान. कान कुस्तीत चुरगळलेले, धंदा दुधाचा, आवाज ताशाचा. आक्का सहाण घेऊनच आमच्या घरी आल्या.

"मास्तर, हे वेखंड हाय. मधात उगाळून देतो, रोज चाटायचं. आमचा बाळासो तीन वर्साचा झाला तरी बोलत न्हवता. वेखंड दिलं आनि जे बोलायला लागलाय ते आजून गप बसंना."

पुरावा रोज गल्लीत ओरडत असल्यामुळे मला नाही म्हणता येईना. वेखंड लहान मुलांना किंचित देतात. आक्कांनी माझ्या वयाचा मान राखून त्याचं माप वाढवलं. त्या संध्याकाळी क्लासमध्ये माझी स्वतःची ओळख करून द्यायची पाळी होती. जीभ भाजून जड झालेली, डोळ्यांना धार लागलेली. मी उभा राहून काय बोललो ते मलाच कळलं नाही. राजवीर मात्र भारावून गेला. "सर, प्रोनन्सिएशन एकदम सुधारलं," तो म्हणाला. मी त्याचे आभार मानून जिना उतरलो आणि खाली मोबाइलच्या दुकानासमोर उलटी केली.

बाळासोला हे कळल्यावर तो रात्रीचं दूध घालून थेट आमच्या दारात उभा राहिला. "मास्तर, नुसतं ऐकून कोन पैलवान झालाय का? अंगाला माती लागाय पायजे. आमची पोरं हाईत की तालमीत. त्यांच्यावर हात साफ करा."

असं करत मी तालमीत इंग्रजी शिकवू लागलो. संध्याकाळी मेहनत संपली की पोरं लाल माती अंगाला तशीच ठेवून आखाड्याच्या कडेला बसायची, आणि मागे भिंतीला टेकून बाळासो. पहिल्या दिवशी मी 'सिट' म्हणालो, ती बसली. 'स्टँड' म्हणालो, उठली. त्यानंतर माझ्याकडे काही शिल्लक राहिलं नाही. मग दोघं पोरं कंटाळून आपापसांत झोंबली, एकाने दुसऱ्याच्या कमरेला मिठी घातली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "होल्ड!" दुसऱ्याने त्याला उचलला. "लिफ्ट!" मग पुश झालं, पुल झालं, थ्रो तर इतकं झालं की बाळासोने स्वतः उठून एकाला फेकून दाखवलं. राजवीरच्या क्लासात माझ्या घशाशी अडकणारी भाषा इथे सुटी होऊ लागली. इथे माझ्या चुका काढणारं कोणी नव्हतं. असतं तर त्यालाही कोणीतरी उचलून फेकलं असतं.

बाळासोचं एक आवडतं वाक्य होतं, 'आय नो धिस मॅन.' मी ते एका संध्याकाळी शिकवलं आणि त्याच्या तोंडी कायमचं बसलं. दूध न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून तो ते म्हणे. म्हशीच्या पाठीवर हात ठेवूनही म्हणे.

मार्च संपता संपता एक गोष्ट घडली. एका पोराने दुसऱ्याच्या डोळ्यांत मुद्दाम माती टाकली आणि मी त्याला झाडला. चांगला लांबलचक झाडला. तो मान खाली घालून सॉरी म्हणाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळं इंग्रजीत बोललो होतो आणि एकही शब्द शोधावा लागला नव्हता. घरी गेलो तर सबिना खिडकीपाशी उभी होती. तालमीतलं आमच्या खिडकीत ऐकू येतं. "आज गरीब वाटत न्हवतासा," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिला मराठीतच थँक्यू म्हणालो.

डेमोची तारीख लागली. बाळासोने विचारलं म्हणून मी ती सांगितली.

"जोड कुनाशी हाय?"

"जोड नाही रे. मी शिकवणार आणि पुण्याच्या मॅडम बघणार."

"म्हंजे पंच."

"पंच म्हण हवं तर."

बाळासो गंभीर झाला. "भाईरगावचा पंच म्हंजे जपाय पायजे मास्तर. आपला गडी एकटा हाय असं त्यास्नी वाटता कामा नये." मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं, त्याला नीट बसवून समजावायला हवं होतं.

त्या दिवशी मला पाचवीचा वर्ग दिला होता. मागे खुर्च्यांवर सचिव, मुख्याध्यापक आणि मध्ये पुण्याच्या मॅडम. बारीक फ्रेमचा चष्मा, हातात पेन. मी 'गुड मॉर्निंग' म्हणालो. मग मी एका मुलाला पुढे बोलावलं, त्याच्या हातात त्याचंच दप्तर दिलं आणि म्हणालो, "लिफ्ट इट." त्याने उचललं. "हायर!" वर्ग हसला. दोन मुली टेबल ढकलायला आल्या, दोघे ओढायला. बघता बघता आख्खा वर्ग उभा होता, बोलत होता, एकमेकांना इंग्रजीत हुकूम सोडत होता. मी प्रश्न विचारत होतो, उत्तरं येत होती, पुढचा प्रश्न आपोआप सुचत होता. मॅडमनी लिहिणं थांबवलं. त्या हसत होत्या. शेजारी वळून त्या सचिवांना म्हणाल्या, "ही इज अ नॅचरल टीचर." मला ऐकू आलं. खरं सांगतो, लग्नाच्या दिवसानंतर इतकं सुख मला झालं नव्हतं.

आणि गेटाबाहेर हलगी कडाडली.

बाहेरच्या लोकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात पैलवान उतरला की हलगी वाजते. ती त्याच्या माणसांची असते. तू एकटा नाहीस, असा तिचा अर्थ. हलगीमागे घुमक्याचे ठोके आले, शिट्ट्या आल्या आणि मग आवाज. "मास्तर, सोडू नका!" "टांग मारा मास्तर, टांग!" "पुन्याला चितपट करा!" पाचवीच्या पोरांचे पाय तालात हलायला लागले. सचिव खिडकीशी धावले, बाहेर फेटेवाली गर्दी पाहिली आणि पांढरे पडले. इंग्रजी माध्यमाविरुद्ध मोर्चा येणार अशी त्यांना महिनाभर धास्ती होती. त्यांनी खिडकी लावून घेतली, मुख्याध्यापकांनी दुसरी लावली, आणि मॅडम पर्स उराशी धरून उठून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वर्गाच्या दारात बाळासो आला. वॉचमनने त्याला अडवलं नसणार, वॉचमन त्याच्याकडूनच दूध घेतो. डोक्याला फेटा, हातात माझ्यासाठी हार. घाबरलेल्या मॅडमना त्याने अतिशय अदबीने वाकून नमस्कार केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आय नो धिस मॅन."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "डू यू नो दीज पीपल?"

सचिव मला डोळ्यांनी खुणावत होते. नाही म्हणा. नाही म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तेवढं इंग्रजी बाळासोला येत होतं. मीच शिकवलं होतं.

"येस मॅडम," मी म्हणालो. "आय नो देम. दे आर माय स्टुडंट्स."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाळासोने माझ्या गळ्यात हार घातला. मॅडम मुख्याध्यापकांबरोबर मागच्या दाराने निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी चहा नव्हता. "तुमच्या इंग्रजीबद्दल मॅडमचं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "उलट तुमच्यासारखं कोणी शिकवलं नाही, असंच त्या म्हणाल्या. पण सर, बाहेरून माणसं आणून दबाव आणलात, असं त्यांचं मत झालंय. इंग्रजी शाळेत वातावरण बघतात पालक."

"तो दबाव नव्हता हो. ती प्रेमाने आली होती. हलगी कधी कोणी..."

"मला सांगता?" सचिव एकदम म्हणाले. "मी काय लंडनचा आहे? मला कळतंय शिकलगार. पण पुण्याच्या मॅडमना हलगी कशी समजावू, ते तुम्ही सांगा." माझ्या कपाटात खडूंचा डबा आणि नमुन्यादाखल ठेवलेले पोरांचे निबंध होते. डबा तिथेच ठेवला आणि निबंध घेऊन निघालो.

वाटेत मला भयंकर राग आला होता. इतका, की तालमीत शिरावं आणि ती हलगी पायाखाली फोडावी. बाळासोला काय काय बोलायचं ते मी रंकाळ्यापासून जुळवत आलो होतो, अस्सल मराठीत. गल्लीत वळलो तर सगळी तालीम कट्ट्यावर बसलेली. बाळासो मध्ये, मागे कुणीतरी लपवलेली गुलालाची पिशवी, आणि दारात आक्का. मला पाहून बाळासो उभा राहिला. त्याने फेटा बांधला होता, आजच्यासाठी पुन्हा.

"काय झालं मास्तर?"

जुळवलेलं सगळं तोंडाशी होतं. आणि मला दिसलं की हे मी बोललो तर हा माणूस पुन्हा कधी कोणासाठी हलगी वाजवणार नाही.

"इंग्रजी कच्चं पडलं, बाळासो."

बाळासो हळूच खाली बसला. "पन एवढं भारी बोलत हुतासा."

"आपल्याला वाटायचं. पुण्याच्या मानानं कच्चं."

"आमी एवढं वाजवलं तरी?"

"तुम्ही वाजवलं म्हणून तेवढं तरी जमलं रे."

त्याने मान हलवली आणि डोळे फेट्याच्या शेवाने पुसले. गुलालाची पिशवी कोणीतरी गुपचूप आत नेऊन ठेवली.

सबिनाला मी खरं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली. "म्हंजे जे एक आलं तुमास्नी, तेच येत न्हाय म्हनून सांगून आलाय." मी हो म्हणालो. तव्यावरची भाकरी करपली.

आता सगळी पेठ माझ्या इंग्रजीची कीव करते. आक्कांना वेखंडाचं माप कमी पडल्याची रुखरुख लागली, त्यांनी पुन्हा सुरू केलंय. पानपट्टीवाला म्हणतो, मास्तर, इंग्रजी पेपर वाचत जावा, सवय हुतीया. राजवीर घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, माझं शिकवणं कमी पडलं." त्यालाही खरं सांगता आलं नाही.

सकाळी मी बसने कबनूरला जातो. मागांच्या खडखडाटात नाव पुकारलेलं कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून मी कामगारांच्या तोंडाकडे बघून हजेरी मांडतो. नईम मला सगळ्यांसमोर खुर्ची देतो. संध्याकाळी परतताना केसांत कापसाची लव असते, ती झटकत मी तालमीत जातो, कारण बाळासोने क्लास बंद करू दिला नाही. कच्चं हाय न्हवं, मग पक्कं करूया, असं त्याचं म्हणणं.

काल पोरं बसली होती. बाळासोला कुठूनतरी कळलंय की उपनगरातल्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघणार आहे.

"मास्तर, ह्या बारीला चूक करायची न्हाय," तो म्हणाला. "गेल्या बारीला एकच हलगी हुती, पार आतपातूर आवाज पोचला नसंल. आता चार आनतो. वर मायक बी लावतो. आनू न्हवं?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

"आण की," मी म्हणालो, आणि वर्गाला उभं राहायला सांगितलं, इंग्रजीत. बाळासो सगळ्यांच्या आधी उभा राहिला.